बोटापर्यंत न पोचलेला होकार

३ जुलै
युनियन ऑफिस, माडीवर

डॉक्टरबाई,

मायन्यालाच हात अडला. सख्ख्या बहिणीला 'प्रिय' म्हणायचं नसेल तर काय म्हणायचं, हे आजवर वाचलेल्या एवढ्या पुस्तकांत कुठे सापडलं नाही. म्हणून हुद्दा लिहिला.

तुझ्याविरुद्धच्या तक्रारीवर मी सही केली आहे. वैद्यक परिषदेच्या नोटिशीतून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढंच या पत्राचं काम. चौकशी संपेपर्यंत तुला रुग्णाला हात लावता येणार नाही, असं आमचे चिटणीस सांगतात. तुला त्याचं काय? तू प्रयोगशाळेतली, तुझे रुग्ण बेडूक. ते तक्रार करत नाहीत.

तू काय केलंस ते नीट वाच, कारण चौकशीत मी हेच बोलणार आहे. बॅटरीच्या कारखान्यात शिसं ओतता ओतता ज्यांची मनगटं लोंबायला लागली, त्या माणसांसाठी मी अन्न सोडलं होतं. फाटकासमोर, मांडवात, सगळ्यांच्या देखत. शुद्ध गेली तरी मला कोणी सुई टोचायची नाही, असं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं. तू भर दुपारी तिथे घुसलीस, माझ्या माणसांना ढकललंस आणि माझ्या शिरेत सुई घातलीस. जीव वाचवला म्हणतात. शब्द मोडला, त्याबद्दल कोण काय म्हणतं? माणसाजवळ स्वतःचं असतं काय? जमीन सरकारची, घर बँकेचं, दिवस मालकाचा. एक शब्द तेवढा आपला. मी आडवी पडलेली बघून तू तोही काढून घेतलास. मला विचारलंसुद्धा नाहीस.

आणि वर ते मिठाचं तुणतुणं. उपोषणात पोट साफ राहावं म्हणून रोज सकाळी पाण्यातून जुलाबाचं कडू मीठ घ्यायचं, ही आमच्या युनियनची जुनी रीत. दर उपोषणात घेतलं, कोणी मेलं नाही. उपाशीपोटी माझी मूत्रपिंडं थकली, मिठातलं मॅग्नेशियम रक्तात साचलं आणि म्हणून मी दगड झाले, असं तू पेपरवाल्यांना सांगितलंस. म्हणजे माझ्या निश्चयाचं श्रेय जुलाबाच्या पुडीला.

दोन वर्षांपूर्वी मी तुला म्हणाले होते, व्यासपीठावर ये आणि ही मनगटं शिशाने गेली एवढं एकच वाक्य बोल. 'सगळ्यांच्या तपासण्या झाल्या की बोलेन, ताई,' तू म्हणालीस. तेव्हापासून आपण बोललो नाही. त्या वेळी तुला पुरावा हवा होता. माझ्या अंगात सुई घालताना कुठे गेला तुझा पुरावा?

नाइलाजाने तुझी बहीण


११ जुलै

बाई,

तुझं उत्तर मिळालं, एका ओळीला उत्तर म्हणत असतील तर. ना मायना, ना सही. 'ताई, ऐकू येत होतं का?'

नाही. काही ऐकू येत नव्हतं. झोपेसारखं होतं. शांत. परवाच्या सभेत मी तेच सांगितलं: देह स्थिर झाला की मनाला केवढी शांतता मिळते ती मी पाहून आले आहे. लोक रडले. आवाज अजून पुरता आलेला नाही, मागच्यांना ऐकू गेलं नसेल, पण तेही रडले.

सभा संपता संपता भट्टीवाला उठला. तुला तो आठवणार नाही. शिशाच्या भट्टीवर सगळ्यांत जुना माणूस. दोन्ही मनगटं पार गेलेली. नमस्काराला हात जोडले तर बोटं खाली लोंबतात, नळाखाली हात धुतोय असं वाटतं. स्वतःच त्याच्यावर विनोद करतो. 'मालकांसमोर आता मी कायम हात धुऊनच उभा असतो,' म्हणतो. तो म्हणाला, 'ताईंनी जिथे सोडलं तिथून मी धरतो. एवढं शांत असतं म्हणता, तर बघू तरी.' सगळे हसले. त्याच दिवशी मांडवातली माझी गादी झटकून त्याला दिली.

मीठ? हो, त्यालाही देतात. बंद केलं तर तुझं म्हणणं कबूल केल्यासारखं होईल, असं चिटणीस म्हणाले. चौकशी तोंडावर असताना धोंडा पायावर कोण पाडून घेईल?

आणि हा ऐकू येण्याचा प्रश्न तू तेव्हाही विचारलास ना, माझ्या कानाशी तोंड आणून? तुझ्या तोंडाला लवंगेचा वास येत होता. ती दाढ अजून काढली नाहीस वाटतं.

म्हणजे, असं मला नंतर कोणीतरी सांगितलं.

पुन्हा एका ओळीचं पत्र पाठवू नकोस. पोस्टाचीही काही इज्जत असते.


१६ जुलै

बेडके,

किती वर्षांनी हे नाव लिहिलं. कॉलेजात पहिला बेडूक कापून घरी आलीस आणि ताटावरून उठलीस, तेव्हा मीच ठेवलं होतं. आई म्हणाली होती, एकीला बेडूक पुरतो आणि एकीच्या तोंडाला कुलूप लावलं तर ती नाकाने भाषण करील.

ऐकू येत होतं. सगळं.

आधी पापण्या जड झाल्या. मग दोन दोन चिटणीस दिसायला लागले, एकच खूप असताना. पेला हातातून सुटला. जीभ जाड झाली. एका दुपारी उशी सरकवा म्हणायचं होतं, ते म्हणता आलं नाही. पुन्हा प्रयत्न केला. मग कळलं की मला वाटतंय मी प्रयत्न करतेय, पण बाहेर काही होतच नाही.

डोळे अर्धे उघडे राहिले होते. समोर मांडवाचं पांढरं कापड, त्यातून येणारं ऊन. एक माशी पापणीच्या कडेवर येऊन बसली. मी तिचे पाय बघत होते. ती डोळ्याच्या ओल्या भागावरून चालली आणि मला पापणी मिटता आली नाही. माझ्याच डोक्याशी कोणीतरी म्हणालं, 'बघा, माशीसुद्धा हाकलत नाहीत. काय मन असेल.'

चिटणीसांनी माझा हात मनगटाशी धरून वर उचलला आणि लोकांकडे हलवला. टाळ्या पडल्या. तो हात माझ्या डोळ्यांसमोरून इकडून तिकडे जात होता आणि मला वाटत होतं, हा कोणाचा, याला खाली ठेवा. मला त्यांच्या बोटांचा घाम कळत होता. त्यांनी हात पोटावर नीट ठेवून दिला, आवरून ठेवतात तसा.

मग भोंगा लागला. माझंच भाषण, पहिल्या दिवशीचं, रेकॉर्ड केलेलं. 'मी पडले तर मला उचलायला येईल त्याचा हात धरा. माझ्या श्वासाचा मालक मी आहे.' भाषण चांगलं होतं गं. शब्द कुठे थांबवायचा, कुठे सोडायचा, सगळं बरोबर. पण ती बाई मला अनोळखी वाटली. ती बाहेर बोलत होती, मी आत होते, आणि सगळे तिचं ऐकत होते. भाषण संपलं की साउंडवाला पुन्हा पहिल्यापासून लावायचा. प्रत्येक वेळी ती आणखी ठाम वाटायची. मी आत काय बोलत होते विचारशील, तर शब्दसुद्धा नव्हते. नुसतं ओरडणं. न्याय, कामगार, हक्क, त्यातलं काही नव्हतं. मला उठायचं होतं.

मग तू आलीस. पहारा भट्टी खात्याच्या माणसांचा होता. त्यांनी तुला धरलं, माझ्याच हुकमावरून, तो हुकूम डोक्यावर वाजतच होता. आणि त्यांची बोटं तुझ्या दंडावरून घसरली. मनगट वर उचललं जात नसेल तर मूठ आवळत नाही, हे तूच मला सांगितलं होतंस. चौघे होते आणि चौघांनाही तुला धरता आलं नाही. ज्या हातांसाठी मी मरायला बसले होते, ते हात धड असते तर मी मेले असते. बेडके, हे वाक्य मला कुठल्याही सभेत म्हणता येणार नाही.

'काय पाजताय हिला?' तू म्हणालीस.

'ताईंचा संकल्प आहे, डॉक्टर.'

'गुडघा संकल्प करत नाही. बाजूला व्हा.' आणि तू तळहाताच्या कडेने माझ्या गुडघ्यावर मारलंस. पाय हलला नाही. मला मात्र मार कळला.

तेव्हा मला तुझी प्रयोगशाळा आठवली. एकदाच आले होते. बशीतल्या पाण्यात बेडकाचा पाय, त्याची दोऱ्यासारखी नस दोन तारांवर ठेवलेली. तू बटण दाबलंस की पाय झटका द्यायचा. मग एका बाटलीतले थेंब घातलेस आणि पाय थांबला. मी म्हणाले, मेला. तू म्हणालीस, 'नाही ताई. नस जिवंत आहे, स्नायूही जिवंत आहे. नसेच्या टोकाला दारं असतात. निरोप आला की त्यातून कॅल्शियम आत शिरतं, तेव्हा कुठे पुढे स्नायूला कळतं. हे मॅग्नेशियम तसंच दिसतं, पण दारात उभं राहतं. आतही जात नाही, बाजूलाही होत नाही.' मी म्हणाले, असे सभासद आमच्या कार्यकारिणीत पुष्कळ आहेत. तू हसलीस, आणि कॅल्शियमचे थेंब घातलेस, आणि पायाने झटका दिला. मला तेव्हा ते कौतुकाचं वाटलं होतं. त्या बशीत आतून कसं वाटत असेल हे मी विचारलं नव्हतं. बेडकाला वाटायला डोकंच नव्हतं, ते तू आधीच काढलं होतंस. माझं होतं.

पहिल्या पत्रात लिहिलं की तू विचारलं नाहीस. विचारलंस. 'ताई, ऐकतेस? हवं असेल तर बोट हलव. कुठलंही.' मी हो म्हणाले. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला मी जितक्या जोराने सांगितलं, तितक्या जोराने कुठल्या मैदानात बोलले नसेन. बोट पोटावर पडून होतं. तू वाट बघितलीस. मग म्हणालीस, 'ठीक आहे. माझ्या जबाबदारीवर,' आणि कॅल्शियमची सुई घातलीस.

आता पुढचं. चिटणीसांनी तडजोड आणली आहे. मी चौकशीत सांगायचं की मी बेशुद्ध होते. तुझ्या वकिलालाही तेच हवंय म्हणे. बेशुद्ध बाईला डॉक्टरने वाचवलं तर परिषद फारसं ताणत नाही. तुझा परवाना सुटतो, आणि ताईंनी शेवटच्या शुद्धीपर्यंत शब्द पाळला, हेही राहतं. सापही मरतो, काठीही मोडत नाही. मी विचार करते म्हणाले. जन्मात पहिल्यांदा विचार करते म्हणाले, म्हणून ते जरा दचकले.

तू काय म्हणतेस? या वेळी दोन ओळी लिही.

ताई


१९ जुलै, दुपार
मांडवातून

फोन तू उचलत नाहीस. साउंडवाल्याकडे मोटारसायकल आहे, त्याच्या हाती ही चिठ्ठी. निघताना त्याने विचारलं, 'ताई, तुमचा आवाज बंद करून जाऊ की चालू ठेवून?' मी बंद कर म्हणाले. चिटणीस म्हणाले, चालू राहू दे.

भट्टीवाला पडलाय. परवा माझी चेष्टा करत होता. काल त्याला दोन दोन दिसत होतं, ते मला आज सांगितलं. मूत्रपिंडं त्याची शिशाने आधीच गेलेली असणार, नाही का? आत्ता डोळे अर्धे उघडे. मी गुडघ्यावर मारून बघितलं. काही नाही. छाती हलते, पण कापडाखाली उंदीर हलावा एवढीच. लोक म्हणतात, अगदी ताईंसारखे शांत. त्याची बायको जवळ बसलीय, 'बरं वाटतंय त्यांना, झोपलेत,' म्हणते.

मी चिटणीसांना सांगितलं, त्याला सगळं ऐकू येतंय. ते म्हणाले, 'मग ऐकू दे की. तुमचंच भाषण आहे.' वाईट माणूस नाही तो. त्याला खरंच वाटतं की हे असंच असतं. मीच तसं सांगितलंय.

रुग्णवाहिका बोलावली, ती फाटकाशी उभी आहे. पुढे पोरं बसलीत. पॅकिंग खात्याची, नवी, धड हातांची. मी जाऊन म्हणाले, मी सांगतेय, गाडी सोडा. एकाने दुसऱ्याला विचारलं, 'या काय म्हणतायत?' दुसरा म्हणाला, 'थांब, आधी ताईंचं ऐकू दे,' आणि भोंग्याकडे बोट केलं. बेडके, त्याने माझ्या तोंडाकडे बघून भोंग्याकडे बोट केलं.

तू येऊ नकोस. त्याला हात लावलास तर परवाना कायमचा जाईल, तो गळफास मीच घातलाय. फक्त सांग, मी काय करू. उलट टपाली नको. लगेच.


२१ जुलै
इस्पितळ, डायलिसिसच्या खोलीबाहेरचा बाक

बेडके,

तुझी चिठ्ठी साउंडवाल्याने वेळेवर आणली. 'छाती हलेनाशी झाली तर श्वास तू दे. मान मागे कर, नाक दाब, तोंडाला तोंड लाव, छाती वर येते का बघ. गाडीतल्या डॉक्टरला सांग: कॅल्शियम, शिरेतून, सावकाश. मग डायलिसिस. आणि ताई, विचारत बसू नकोस.'

तरी मी विचारलं. बोट हलव म्हणायची सोय नव्हती, त्याची बोटं आधीच कारखान्याने नेलेली. कानाशी वाकून म्हणाले, हवं असेल तर माझ्याकडे बघ. डोळे होते तिथेच राहिले. तुझ्या जागी उभी राहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं की तिथून काही दिसत नाही. आत 'वाचवा' चाललंय की 'हात लावू नका', बाहेरून चेहरा तोच असतो. मला जगायचं होतं म्हणून त्यालाही असेल, हा काही पुरावा नव्हे. तूच म्हणाली असतीस.

छाती थांबली. मी तोंड लावलं.

मोठमोठ्या मैदानांत हा दम कमी पडला नव्हता, इथे चार श्वासांत मला घेरी आली. थांबून पुन्हा दिला. वर भाषण संपलं, आणि ते पुन्हा लावायला साउंडवाला जागेवर नव्हता, चिठ्ठी देऊन तो माझ्याजवळच उभा राहिला होता. चिटणीस माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'ताई, लोक बघतायत.' मी मान वर केली नाही, तोंड रिकामं नव्हतं.

उठली ती त्याची बायको. फाटकाशी गेली आणि पोरांना म्हणाली, 'ताईंना काय वेड लागलंय उगाच माझ्या नवऱ्याच्या तोंडाला तोंड लावायला? उठा. गाडी आत येऊ द्या.' पोरं उठली. त्यांना मी हटवू शकले नाही, तिने हटवलं.

सुई गेली, आणि थोड्या वेळाने त्याने स्वतःचा श्वास घेतला. त्या आवाजाने मी मागे सरकले. मेलेल्या माणसाने दार वाजवावं तसा तो होता. मग पापणी थरथरली.

उद्या चौकशी. तुझ्या वकिलाला मी आजच सांगून टाकलं, त्याने कपाळाला हात लावला. मी सांगणार आहे: मला शुद्ध होती. बहिणीने मला विचारलं. मी हो म्हणाले. ते बोटापर्यंत पोचलं नाही. परिषद यातलं पहिलं वाक्य धरेल आणि बाकीची सोडून देईल, शक्य आहे. शुद्धीत असलेल्या बाईला तिच्या लेखी नकाराविरुद्ध सुई टोचली, एवढं तुझा परवाना काढायला पुरेल. माझ्या आतल्या होकाराला साक्षीदार नाही. बेशुद्ध होते म्हटलं तर तू सुटतेस, हे मला कळतं, आणि तरी मी ते म्हणणार नाही. तुझा बळी देतेय असं वाटलं तर तसं म्हण, मी ऐकून घेईन. पण तो मांडव अजून उभा आहे. तिसरा माणूस नाव नोंदवून गेलाय. हलत नाही तो शांत आहे, हे मी माझ्या तोंडाने सांगितलंय. ते परत घ्यायलाही तोंडच लागणार.

भट्टीवाला सकाळपासून जागा आहे. बोलू शकतो, नर्सकडे पाणी मागितलं. माझ्याशी बोलला नाही. तोंड भिंतीकडे आहे.

दुपारी चिटणीस आले. या वेळी तक्रार माझ्याविरुद्ध. जबरदस्तीने उपोषण मोडलं, खाली भट्टीवाल्याच्या सहीची जागा. मला बघून ओशाळले. 'ताई, तुमच्याच बाबतीत केलं तर त्यांच्या बाबतीत नको का? नियम एकच,' म्हणाले. बरोबर बोलले. तो माणूस अजून माझ्याच शब्दांनी बोलतो. मी म्हणाले, त्याचा हक्क आहे.

कागद पांघरुणावर सरकत होता, म्हणून तो मी दाबून धरला. चिटणीसांनी त्याच्या बोटांत पेन बसवलं आणि वरून स्वतःची मूठ आवळायला गेले. मी म्हणाले, नाही, हात काढा. त्यांनी काढला.

हात कागदावर बराच वेळ तसाच होता. मग पेन खाली पडलं. हात दुबळा म्हणून पडलं की त्याने टाकलं, मला कळलं नाही. तो भिंतीकडे बघत होता, चिटणीस माझ्याकडे. मी वाकून पेन उचललं आणि पुन्हा त्याच्या बोटांत ठेवलं.

ताई